नाव हीसुद्धा अमानत आहे
गायो पठारावरील ताकेंगोन शहर आणि भोवतालच्या मुस्लिम खेड्यांचा कॉफी-व्यापार: एक अभ्यास

व्यापारी माल विकतो आणि कारागीर हुन्नर विकतो, असे आपण म्हणतो. परंतु माल आणि हुन्नर यांच्याबरोबर तिसरी एक वस्तू बाजारात जात असते, आणि तिचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. ती वस्तू म्हणजे गावाचे नाव. मिरजेची सतार, कोल्हापूरची चप्पल, सोलापूरची चादर असे म्हटले की ग्राहक दोन पैसे जास्त मोजतो. हे दोन पैसे कोणाच्या कष्टातून आले आणि कोणाच्या गल्ल्यात गेले, हा प्रश्न व्यापारी व कारागीर बांधवांनी स्वतःला विचारला पाहिजे. त्यासाठी आम्ही आज दूरच्या एका डोंगराळ मुलखाचे उदाहरण घेत आहोत. तेथील लोक आपल्यासारखेच मुसलमान, आपल्यासारखेच लहान धंद्याचे आणि थोड्या भांडवलाचे आहेत. नाव हातून जाणे म्हणजे काय आणि ते परत मिळवणे म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवले आहे.

मुलूख आणि माणसे

इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे हा प्रांत आहे. किनाऱ्यावरील बिरेउएन या शहरापासून घाट चढत सुमारे शंभर किलोमीटर आत गेले की ताकेंगोन लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरचे हे लहान शहर. म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडे खाली. शहराच्या कडेला मोठे सरोवर आहे. त्याचे नाव लाउत तावार, म्हणजे गोड्या पाण्याचा समुद्र. या सरोवरात देपिक नावाची लहान मासळी मिळते. डोंगरउतारावर मात्र जिकडे पाहावे तिकडे कॉफी, आणि तिच्यावर सावली धरायला सुबाभळीची झाडे.

या मुलखातील मूळ रहिवासी गायो लोक. ते जवळजवळ सर्व मुसलमान आहेत आणि त्यांची भाषा किनाऱ्यावरच्या आचे भाषेहून वेगळी आहे. जावा बेटावरून येऊन स्थायिक झालेली कुटुंबेही येथील खेड्यांत पुष्कळ आहेत. ताकेंगोन हे मध्य आचे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. २००३ च्या कायद्याने त्यातून बेनेर मेरिआह हा जिल्हा वेगळा झाला आणि त्याआधी २००२ मध्ये आग्नेय आचे जिल्ह्यातून दक्षिणेकडील गायो लुएस. या तिन्ही जिल्ह्यांत पिकणारी अरेबिका कॉफी जगभर ‘गायो’ या नावाने ओळखली जाते. ती मोठ्या मळेवाल्यांची नाही. एका कुटुंबाकडे साधारण एक हेक्टर, म्हणजे अडीच एकरांच्या आसपास बाग असते आणि घरातील स्त्री-पुरुष मिळून ती सांभाळतात.

स्त्रियांचे आणि कारागिरांचे दुसरे एक कामही येथे प्रसिद्ध आहे. काळ्या कापडावर लाल, पिवळ्या, हिरव्या व पांढऱ्या धाग्यांनी ढगांच्या आणि बांबूच्या कोंबाच्या आकृत्या भरतात. या भरतकामाला केरावांग म्हणतात. परंतु मुलखाची चूल पेटते ती मुख्यतः कॉफीवर.

कॉफी तेथे कशी आली

कॉफीच्या या प्रवासात आपल्या देशाचाही धागा आहे. येमेनहून कॉफीचे बी कर्नाटकातील चिकमगळूरच्या डोंगरात आणण्याचा मान लोकपरंपरा सूफी संत बाबा बुढन यांना देते. डचांनी १६९६ मध्ये आणि पुन्हा १६९९ मध्ये जावा बेटावर कॉफीची रोपे नेली, ती मलबार किनाऱ्यावरून. इंडोनेशियातील कॉफीची सुरुवात अशी हिंदुस्थानातून झाली.

गायो पठारावर मात्र डच सत्ता फार उशिरा पोचली, आणि ती शांतपणे पोचली नाही. १९०४ मध्ये व्हान डालेन या लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेत गायो व अलास मुलखातील गावांत दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. त्यानंतर किनाऱ्यापासून ताकेंगोनपर्यंत रस्ता झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत कॉफीची लागवड पसरली. आरंभी परक्यांच्या मळ्यांवर मजुरी करणारी माणसे पुढे स्वतःच्या बागांची मालक झाली. जे पीक सत्तेबरोबर आले, तेच लोकांनी आपल्या उपजीविकेचे साधन बनवले.

ओली बी आणि व्यापाऱ्याचा हात

आता धंद्याकडे वळू. कॉफीचे लाल पिकलेले फळ तोडले की त्याच दिवशी हातयंत्रावर त्याचा गर काढतात. आतली चिकट बी रात्रभर आंबवून सकाळी धुतात. या बीवर अजून टरफल असते. जगातील बहुतेक देशांत ही बी टरफलासह पूर्ण वाळवतात आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आला की मगच टरफल काढतात. परंतु गायो पठारावर हवा दमट, पाऊस वरचेवर, आणि शेतकऱ्याला पैशाची गरज आजची. म्हणून तेथे बी एक-दोन दिवस उन्हात टाकून अर्धी ओली असतानाच विकतात. ओलसर अवस्थेतच गिरणीत टरफल निघते आणि उरलेले वाळवण नंतर होते. या रीतीला ‘गिलिंग बासाह’, म्हणजे ओले दळण म्हणतात. सुमात्राच्या कॉफीचा जो जड, मातकट स्वाद परदेशी ग्राहकांना आवडतो, त्यात या रीतीचा मोठा वाटा आहे.

या रीतीत एक धोका दडलेला आहे. समजा, टरफल काढलेली १०० किलो बी आली आणि तिच्यात ३५ टक्के ओलावा आहे. ती १२ टक्क्यांपर्यंत वाळवली की सुमारे ७४ किलो उरते. तीच बी ४० टक्के ओली असेल तर सुमारे ६८ किलोच उरते. वरून पाहता दोन्ही ढीग सारखेच दिसतात, पण एकात सहा किलो पाणी कॉफीच्या भावाने विकले गेले.

खेड्यात शेतकरी टरफलासहित बी ‘बांबू’ या मापाने विकतो. हे सुमारे दोन लिटरचे माप आहे. आपल्याकडे पूर्वी पायली-अधोलीचा जसा व्यवहार होता तसाच हा. ओल्या बीचे वजन वाढते, पण मापात ती फार जास्त भरत नाही. म्हणून मापाने घेणारा पाण्याच्या वजनापासून काहीसा वाचतो. परंतु माप काठोकाठ भरायचे की शिगोशीग, यात शेतकऱ्याचे नुकसान होऊ शकते. पुढे गिरणीनंतर सौदा किलोवर होतो, आणि तेथे पाण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. एक जण पाणी घालतो आणि दुसरा शीग घेतो. दोघेही एकमेकांवर संशय घेतात आणि दोघांच्याही मालाचा भाव उतरतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातील बाजाराचा प्रसंग येथे आठवल्याशिवाय राहत नाही. धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला तेव्हा आतून बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी विचारले की, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही; आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, धान्य भिजणे हा दोष मानला गेला नाही. ओल लपवणे हा दोष मानला गेला. गायो पठारावर पाऊस पडणारच आणि बी ओली राहणारच. प्रश्न इतकाच की, ती किती ओली आहे हे घेणाऱ्याला दिसते काय? आज ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र हे काम करते. दोघांसमोर यंत्र लावले आणि आकडा वहीत लिहिला की भांडण उरत नाही. दिव्य कुरआनात मापात लबाडी करणाऱ्यांविषयी सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे, आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकरामध्ये आहे. या आज्ञा बाजारासाठीच आहेत.

नाव हरवले, नाव दुसऱ्याने नोंदवले

गायो कॉफी घाट उतरून मेदान शहराकडे आणि तेथील बेलावान बंदरातून परदेशी जाते. अनेक वर्षे या कॉफीचा मोठा भाग परदेशी बाजारात ‘मांधेलिंग’ या नावाखाली विकला गेला. हे नाव सुमात्रातील दुसऱ्या एका मुस्लिम समाजाचे, मांदाइलिंग लोकांचे आहे. खरेदीदारांना ते ओळखीचे होते, म्हणून व्यापाऱ्यांनी तेच चालवले. माल गायोचा आणि नाव दुसऱ्याचे, अशी ही स्थिती होती.

पुढे गायो हे नाव स्वतःच प्रसिद्ध झाले, तेव्हा दुसरे संकट आले. नेदरलँड्समधील एका कंपनीने १९९९ मध्ये युरोपात ‘गायो’ या शब्दासह व्यापारचिन्ह नोंदवून घेतले. २००८ च्या सुमारास ताकेंगोनच्या निर्यातदाराला तिचे पत्र आले. त्याचा मतलब असा की, युरोपात विकायच्या मालावर गायो हे नाव वापरू नये. ज्या डोंगरावर माणूस जन्मला, त्या डोंगराचे नाव आपल्या गोणीवर छापायला त्याला मनाई झाली!

येथे रागावणे सोपे आहे, परंतु कारण समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. कंपनीने नाव नोंदवले होते आणि गायो लोकांनी नोंदवले नव्हते. इंडोनेशियात अशा नोंदणीचे सविस्तर सरकारी नियमच २००७ मध्ये आले. या प्रकारच्या नोंदणीला भौगोलिक मानांकन म्हणतात. तिचा अर्थ असा की, हे नाव एका व्यक्तीचे किंवा कंपनीचे नसून त्या मुलखातील सर्व उत्पादकांचे आहे. मात्र त्यांनी ठरलेले नियम पाळले पाहिजेत.

ताकेंगोन परिसरातील उत्पादक, व्यापारी आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून गायो कॉफी संरक्षण मंडळ उभे केले. कोणत्या जिल्ह्यांत, किती उंचीवर, कोणत्या जातीची कॉफी आणि कोणत्या रीतीने तयार केलेली चालेल, हे लिहून काढले. २०१० मध्ये इंडोनेशियात ‘गायो अरेबिका कॉफी’ची नोंद झाली. २०१७ मध्ये युरोपीय संघानेही ती मान्य केली. युरोपने संरक्षण दिलेले हे इंडोनेशियाचे पहिले भौगोलिक नाव. ज्या बाजारात मनाईचे पत्र निघाले होते, त्याच बाजारात नावाची मालकी मुलखाकडे आली. मधली वर्षे मात्र वाया गेली. उशिराच्या नोंदणीची किंमत अशी द्यावी लागते.

एकट्याचा भाव, मंडळींचा भाव

नाव मिळाले म्हणजे पैसा मिळाला असे नाही. नाव आणि शेतकऱ्याचा खिसा यांच्यामध्ये व्यापाऱ्यांची साखळी असते. खेड्यातील व्यापाऱ्याला तेथे ‘तोके’ म्हणतात. तो अडीअडचणीला उचल देतो आणि हंगामात ती मालात वळती करून घेतो. उचलीच्या ओझ्याखालचा माणूस भाव विचारू शकत नाही.

यावर उपाय म्हणून सहकारी संस्था निघाल्या. ताकेंगोनच्या एका मोठ्या संस्थेचे नाव ‘बैतुल किराद बाबुर्रय्यान’ असे आहे. किराद म्हणजेच मुदारबा: एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम आणि नफ्याची वाटणी आधी ठरलेल्या प्रमाणात. प्रेषितपदापूर्वी प्रेषित मुहम्मद (स.) ह. खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामच्या व्यापाराला गेले, तो याच प्रकारचा व्यवहार होता. २००९ मध्ये निघालेल्या केतिआरा या संस्थेचे नेतृत्व एका स्त्रीकडे आहे, आणि २०१४ मध्ये कोकोवागायो ही केवळ स्त्री-उत्पादकांची संस्था सुरू झाली. बागेतील कामाचा मोठा भाग स्त्रिया करतात. पैसा त्यांच्या नावावर जमा होऊ लागला, ही लहान गोष्ट नव्हे.

या संस्थांनी सेंद्रिय आणि फेअरट्रेड प्रमाणपत्रे घेतली. फेअरट्रेड म्हणजे न्याय्य व्यापाराची योजना. तिच्यात बाजार कितीही पडला तरी एक किमान भाव मिळतो आणि वर संस्थेला सामाजिक कामासाठी वेगळी रक्कम मिळते. या किमान भावाचे महत्त्व आकड्यांवरून कळते. २००१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफी पौंडाला, म्हणजे ४५४ ग्रॅमला, ५० सेंटच्या खाली गेली होती. २०११ मध्ये धुतलेल्या अरेबिकासाठी फेअरट्रेडचा किमान भाव १ डॉलर ४० सेंट झाला आणि ऑगस्ट २०२३ पासून तो १ डॉलर ८० सेंट करण्यात आला. सामाजिक कामाची रक्कम पौंडामागे २० सेंट.

परंतु या व्यवस्थेची खरी कसोटी मंदीत लागत नाही, तेजीत लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचा भाव ४ डॉलरच्या वर गेला. अशा वेळी किमान भावाला काही अर्थ उरत नाही. संस्थेने महिन्यांपूर्वी कमी भावात करार केलेला असतो आणि दारात रोख पैसे घेऊन दुसरा व्यापारी उभा असतो. सभासदाने माल त्याला दिला तर आजचा फायदा होतो. पण संस्था करार पाळू शकत नाही आणि उद्या मंदी आली की आसरा उरत नाही. तेजीतच हलका किंवा बाहेरचा माल चांगल्या नावाच्या गोणीत मिसळण्याचा मोहही होतो. पावसाळ्यात छत्री सर्वच सांभाळतात. उन्हाळ्यात जो सांभाळतो त्यालाच ती पुढच्या पावसात मिळते.

संकटे आणि रस्ता

या मुलखाने फार सोसले आहे. आचेतील सशस्त्र संघर्ष १९७६ मध्ये सुरू झाला आणि १५ ऑगस्ट २००५ च्या हेलसिंकी कराराने थांबला. त्यातील शेवटच्या वर्षांत अनेक खेड्यांतील कुटुंबे पिकलेल्या बागा सोडून निघून गेली. २ जुलै २०१३ रोजी ६.१ तीव्रतेचा भूकंप झाला. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस चक्रीवादळी पावसाने सुमात्रात हाहाकार उडाला. पूल वाहून गेले, दरडी कोसळल्या आणि ताकेंगोन व बेनेर मेरिआहचा किनाऱ्याशी रस्त्याने संबंध तुटला. तोही कॉफीच्या मोठ्या बहराच्या दिवसांत. माल खाली जाईना आणि तांदूळ-इंधन वर येईना.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एकाच पिकावर आणि एकाच रस्त्यावर उभा असलेला मुलूख नाव कमावूनही कमकुवत राहतो. तेजीच्या वर्षांत गोदाम, वाळवणाची पक्की सोय, साठा आणि आपत्तीसाठी राखीव रक्कम उभी केली असेल, तरच वाईट वर्षात माल कुजत नाही.

आपल्यासाठी धडे

ताकेंगोनच्या गोष्टीतून आपल्या भागातील कारागिरांनी काय घ्यावे?

१) नाव आधी नोंदवा. भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये आणि मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळाले. मिरजेतील पूर्वी हत्यारे बनवणाऱ्या शिकलगार मुस्लिम घराण्यांनी पंढरपूर परिसरातील भोपळ्यांपासून वाद्ये घडवून हे नाव पिढ्यान्‌पिढ्या कमावले आहे.

२) संस्थेची नोंद पुरेशी नाही. कायद्याप्रमाणे प्रत्येक कारागिराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. ती नसेल तर नाव गावाचे असूनही तो हक्क बजावू शकत नाही. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते आणि ती वेळेवर नूतन करावी लागते. हे नाव विकता किंवा दुसऱ्याला हस्तांतरित करता येत नाही. म्हणूनच आम्ही त्याला अमानत म्हणतो.

३) नियम लिहून काढा. कोणते लाकूड, कोणते चामडे, कोणते सूत, किती वजन. हे कागदावर असेल तरच नकली मालाला नकली म्हणता येते.

४) दोष झाकू नका. माल दुय्यम असेल तर दुय्यम म्हणूनच विका. एका कारागिराची लबाडी सर्व गावाच्या नावातून वळती होते.

५) उचलीऐवजी भागीदारी शोधा. मशिदीच्या किंवा मोहल्ल्याच्या पातळीवर बिनव्याजी कर्जाची लहान पेढी आणि मुदारबा तत्त्वावरील खरेदी यांपासून सुरुवात करता येते. मात्र हिशेब दरमहा सर्वांसमोर वाचला गेला पाहिजे. ज्या संस्थेचा हिशेब दिसत नाही, तिला बैतुल हे नाव देऊन बरकत येत नाही.

विचार करण्यासाठी

आपल्या गावाच्या नावावर कोणता माल विकला जातो, आणि तो सर्व आपल्या गावातच तयार होतो काय? ग्राहकाने दिलेल्या शंभर रुपयांपैकी घडवणाऱ्याच्या हातात किती पडतात? माल तपासण्याचे माप विकणारा आणि घेणारा, दोघांनाही मान्य आहे काय? बांधवांनी आपापल्या बैठकीत या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांसह लिहून काढावीत.

ताकेंगोनच्या लोकांना आपले नाव परत मिळवण्यासाठी वकील लागले, कागद लागले आणि वर्षे लागली. परंतु नाव टिकवण्याचे काम आजही त्या खेड्यांतील प्रत्येक अंगणात, वाळत घातलेल्या बीपाशीच होते. अमानत सांभाळणारा हात तोच असतो, जो माप भरतो.